जुना फ्लॅट भाड्याने देताना : नोंदणी, तपासणी, दुरुस्ती (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उंबरठा

कोथरूडमध्ये सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर २ बीएचके आहे. इमारत १९९१ची, भोगवटा पत्रही त्याच वर्षाचं. २४ महिन्यांसाठी एका कुटुंबाला द्यायचं ठरतंय : पहिलं वर्ष २२,०००, दुसरं २३,०००, डिपॉझिट १ लाख.

एजंट म्हणतो, अकरा महिन्यांचा नोटरी करार करा, रजिस्ट्रेशनचा खर्च वाचेल. सेक्रेटरी म्हणतात, एनओसीशिवाय सामान वर चढू देणार नाही. महापालिकेचं काही लायसन्स किंवा तपासणी लागते का? भाऊ अमेरिकेत ज्या शहरात राहतो तिथे लागते. इन्स्पेक्टर येऊन स्मोक अलार्मपासून सगळं बघून जातो, म्हणून विचारते. शिवाय खालच्या फ्लॅटच्या छताला आमच्या बाथरूमखाली ओल आली आहे. ती आधी काढावी की भाडेकरू आल्यावर?

सूची_दोन

एजंटाचं ऐकू नका. अकरा महिन्यांचा समज केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आलाय. त्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९चं कलम ५५ आहे. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महाग पडतं ते हे, की वाद झाला तर कुठल्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चही काही फार नाही. तुमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायच्या परवान्याचा. त्यावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, पण कशावर ते बघा. पूर्ण मुदतीचं भाडं : २,६४,००० + २,७६,००० = ५,४०,०००. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, म्हणजे दोन वर्षांचे २०,०००. एकूण ५,६०,०००, शुल्क १,४००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० आणि ऑनलाइन केलंत तर दस्त हाताळणीचे ३००. झाले २,७००. एजंट याचे सहा हजार सांगतात, त्यात त्यांची घरपोच अंगठ्याच्या मशीनची सेवा असते. हवी तर घ्या, पण ती सरकारी फी नव्हे.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-रजिस्ट्रेशन. दोन्ही बाजूंचे आधार, पॅन, वेबकॅमवर फोटो, अंगठा. दस्त परत येतो तो बहुधा फुटकळ चुकीसाठी : आधारवरचं नाव आणि मालकी दस्तातलं नाव जुळत नाही (लग्नाआधीचं-नंतरचं आडनाव), सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (नगर भूमापन) नंबर चुकतो, सहमालकाची सही राहते. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघं हवेत, नाहीतर नोंदलेलं कुलमुखत्यारपत्र. दुय्यम निबंधकाने मंजूर केल्यावर सूची क्रमांक २ (नोंदणीचा गोषवारा, इंडेक्स टू) उतरवून ठेवा.

पायरीवरचा

लायसन्सचं उत्तर : नाही. पुण्यात राहतं घर भाड्याने द्यायला महापालिकेचा परवाना नाही आणि घराच्या आत तपासायला कुणी येत नाही. महापालिकेशी संबंध येतो तो मिळकत करापुरता. स्वतः राहत असल्याची ४० टक्क्यांची सवलत घेत असाल तर भाड्याने दिल्यावर ती लागू नाही. पीटी-३ फॉर्म भरून ती घेतली असेल तर कर विभागाला कळवा. नंतर फरकाचं बिल आलं की लोक चकित होतात.

पोलिसांना मात्र कळवावं लागतं. 'व्हेरिफिकेशन' म्हणतात, पण मालकाकडून अपेक्षित असते ती माहिती : भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, मूळ पत्ता, नोकरीचं ठिकाण, ओळखणाऱ्या दोन व्यक्ती. ऑनलाइन भरून पावती ठेवा. पोलिस आयुक्तांचे हे आदेश ठरावीक मुदतीचे असतात आणि पुन्हा पुन्हा काढले जातात. चालू आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं (आधीचं भादंवि १८८). भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर तो आल्याची माहिती २४ तासांत द्यायची (आधीचा सी फॉर्म), ती वेगळी.

सेक्रेटरींना नोंदलेल्या कराराची प्रत आणि पोलिसांची पावती द्या, पोच घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. सेवाशुल्क म्हणजे संपूर्ण मासिक बिल नव्हे, त्यातून महापालिकेचे कर वगैरे वगळायचे. सेवाशुल्क १,६०० असेल तर १६० रुपये. 'भाडेकरू फंड', 'शिफ्टिंग देणगी' असलं काही मागितलं तर लेखी मागा, तिथेच विषय थंडावतो.

नळजोडणी

ओल आधी काढा. सन्क (बाथरूमच्या फरशीखालचा खोलगट, भराव घातलेला स्लॅब) उघडायचा झाला तर बाथरूम आठ-दहा दिवस बंद राहतं, आणि कुटुंब आत असताना ते म्हणजे रोजचं भांडण.

फोडाफोडीआधी पाणी कुठलं ते शोधा. बाथरूम चार दिवस पूर्ण कोरडं ठेवा. तरी खालचा डाग ओलाच राहिला तर पुरवठ्याची लाइन गळत असण्याची शक्यता जास्त. १९९१च्या इमारतीत भिंतीतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजलेले असण्याची शक्यता मोठी. प्लंबरकडून हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या, काटा उतरला तर लाइन सीपीव्हीसीत (प्लास्टिकच्या पाइपात) बदला. डाग वाळला तर पुढची पायरी : नहाणी ट्रॅपला घट्ट बूच लावून दोन इंच पाणी ४८ तास साठवा. ओल आली तर फरशीचे सांधे किंवा वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही आली, पण बूच काढून पाणी सोडल्यावर आली, तर ट्रॅप आणि पाइपचा जोड.

सांध्यांचंच असेल तर जुनं ग्राउट खरवडून इपॉक्सी भरून बघायला हरकत नाही, स्वस्तात सुटतं कधीकधी. सन्क उघडलाच तर विटांचा सगळा भराव काढायला लावा, आणि नवं वॉटरप्रूफिंग झाल्यावर भराव टाकण्याआधी पुन्हा ४८ तास पाणी साठवून खालच्यांकडे जाऊन बघा. कंत्राटदार नेमकी हीच पायरी गाळतात. खर्च तुमचा. गच्चीची गळती सोसायटीची, फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमची सभासदाची.

स्मोक अलार्मवरून आठवलं. आपल्याकडे माणसं दगावतात ती बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे. खिडकी बंद, कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. असेल तर काढून टाका, नाहीतर उघड्या ड्राय बाल्कनीत न्या. वायरिंगही बघून घ्या : गीझरला स्वतंत्र १६ अँपियरचा पॉइंट, अर्थिंग खरोखर जोडलेलं (त्या काळच्या बऱ्याच घरांत नुसती पिन असते), आणि मेनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच). बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे.

उंबरठा

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. मधूनमधून घर बघायला जाता येतं का? आणि लहानसहान दुरुस्त्या कुणाच्या?

सूची_दोन

भाडे नियंत्रण कायद्याचंच कलम २८ : वाजवी वेळी, आधी सूचना देऊन मालक पाहणी करू शकतो. किती दिवस आधी ते करारात लिहा. '४८ तास आधी मेसेज, सहा महिन्यांतून एकदा' पुरेसं होतं. स्वतःची किल्ली लावून आत शिरू नका.

दुरुस्तीबाबत कलम १४ घर नीट ठेवायची जबाबदारी मालकावर टाकतं. १५ दिवसांच्या नोटिशीनंतरही मालक हलला नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च वळता करू शकतो. पण ते भाडेकरूसाठी आहे. लीव्ह अँड लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत परवानाधारक, म्हणून त्याच्या बाबतीत करारात काय लिहिलंय तेच कामाला येतं. छापील नमुन्यात एकच ओळ असते, 'किरकोळ दुरुस्ती लायसन्सी करील', आणि सगळी भांडणं त्या 'किरकोळ'वर होतात. आकडा घाला : एका वेळी १,००० रुपयांपर्यंत त्यांचं, वरचं तुमचं. पाइप, वायरिंग, ओल, गीझरची टाकी कितीही खर्चाची असो, तुमची.

मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागितली नाही तर आदेश तुमच्या बाजूने होतो. राहिलेल्या काळाची दुप्पट दराने भरपाईही मागता येते. रागाच्या भरात पाणी किंवा वीज तोडू नका. त्याला मनाई करणारं कलम २९ आहे, आणि सरळ केस वाकडी होते.

पायरीवरचा

आपल्याकडे इन्स्पेक्टर नाही, म्हणून ताबा देतानाचा कागद हाच काय तो पंचनामा. खोलीवार यादी, दारंखिडक्या-नळ-पंख्यांची स्थिती, विजेच्या मीटरचं रीडिंग, दोघांच्या सह्या, आणि फोटो दोघांच्या ईमेलवर त्याच दिवशी. सोडताना तीच यादी हातात घेऊन फिरायचं. 'रंगाचे एक महिन्याचे भाडे कापू' असं सरसकट कलम घालतात ते मला पटत नाही. दोन वर्षांत रंग उतरणारच, खिळ्यांची भोकं आणि तेलकट भिंत यांचे पैसे घ्या फार तर.

नळजोडणी

@पायरीवरचा, 'महापालिका तपासत नाही' हे फ्लॅटच्या आतपुरतं. इमारतीला महापालिका अधिनियमाचं कलम २६५-अ आहे. भोगवटा मिळून ३० वर्षं झाली की नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून प्रमाणपत्र द्यायचं, पुढे दर १० वर्षांनी. चुकवलं तर दंड २५,००० किंवा इमारतीचा एक वर्षाचा मिळकत कर, जो जास्त असेल तो. १९९१ म्हणजे मुदत २०२१लाच भरली. शिवाय उपविधींप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर ३ वर्षांनी. सेक्रेटरी एनओसीचं बोलतील तेव्हा तो अहवाल मागा. त्यात तुमच्या बाथरूमच्या स्लॅबची सळई उघडी पडल्याची नोंद असेल, तर नुसतं वॉटरप्रूफिंग करून उपयोग नाही, आधी खालून स्लॅबची दुरुस्ती.