मूत्रपिंड गोल नसतं
एकांनी विचारलंय, ल्युटेशियम-१७७ हे कॅन्सरवरचं किरणोत्सारी औषध दर खेपेला ७.४ गिगाबेकरेल (किरणोत्साराचं एकक) असं ठरलेलंच देतात, मग मूत्रपिंडाला बसणारा किरणोत्साराचा डोस मोजायचा कशाला? दिलेलं सारखं असलं तरी मूत्रपिंडात किती मुरतं ते प्रत्येकाचं वेगळं. खरी गोम स्कॅनमध्ये आहे. स्पेक्ट, म्हणजे शरीरातल्या औषधाचे किरण टिपणारा स्कॅन, त्याचं चित्र धूसर, कडेची मोजणी बाहेर सांडते. ती भरून काढायचा गुणक सहसा प्लास्टिकच्या पोकळ गोलांवरून काढतात. पण मूत्रपिंड तसं गोल नसतं, शिवाय औषध मुख्यतः मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात साठतं. म्हणून सीटीवरून थ्रीडी प्रिंट केलेलं, आतला आणि बाहेरचा थर किरणोत्सारी पाण्याने वेगवेगळे भरता येणारं नकली मूत्रपिंड वापरणं जास्त खरं.

आमच्या नाशकात अंबड एमआयडीसीत असे आकार छापून मिळतील. न झिरपणारा सांधा जमवणं मात्र कठीण, आणि इथे झिरपणार ते किरणोत्सारी पाणी!