मदत हवी आहे: एफ-१५० लाइटनिंगसाठी घरी किती अँपिअरचा चार्जर?

मिशिगनमध्ये राहतो. २०२३ची फोर्ड एफ-१५० लाइटनिंग (विजेवर चालणारा पिकअप ट्रक; एक्सएलटी मॉडेल, मोठी बॅटरी) सेकंडहँड घेतोय, सोबत फोर्डचा ८० अँपिअरचा चार्जर मिळतोय. घराचं पॅनल १५० अँपिअरचं. शेगडी आणि ड्रायर विजेवर, हीटिंग गॅसवर. रोज ६० मैल. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सहा गेजचं रोमेक्स (प्लास्टिक आवरणातली घरगुती केबल) ओढून ६०चा ब्रेकर टाकू, नाहीतर १४-५० (५० अँपिअरचं) सॉकेट बसवू. काय करावं? आणि एका चार्जमध्ये कंपनी सांगते त्या ३२० मैलांपैकी थंडीत, ट्रेलर लावून हाती किती लागतात?

प्रतिसाद १
८०चा नाद सोडा. चार्जिंग हा तासन्‌तास चालणारा लोड, म्हणून सर्किट सव्वापट धरतात; ८०ला १००चा ब्रेकर लागेल. शेगडी-ड्रायर असताना तुमच्या पॅनलवर ते बसणं अवघड, आणि गरजही नाही. थंडीत युनिटला दीड मैल धरा, म्हणजे ६० मैलांना ४० युनिट. ४८ अँपिअरवर ताशी साडेअकरा युनिट येतात; गळती धरूनही चार तासांत भागतं. तोच चार्जर बसवताना ४८वर सेट करून घ्या. त्याआधी लोड कॅल्क्युलेशन (घरातल्या एकूण विजेच्या भाराचा हिशोब) आणि परमिट हवंच.

वायरीबाबत मात्र ठाम राहा. ४८ची सव्वापट ६०, आणि सहा गेजचं रोमेक्स ५५चंच धरतात. चार गेजचं रोमेक्स घ्या, किंवा काँड्युइटमधून (वायरीच्या पाइपातून) सहा गेजची तांब्याची टीएचएचएन (सुटी वायर).

प्रतिसाद २
सॉकेट नकोच. ५०च्या ब्रेकरवर ४० अँपिअरच मिळतात. शेगडीसाठी बनवलेलं स्वस्त सॉकेट रोज रात्री तासन्‌तास तापतं, आतली पकड सैल पडते, मग प्लास्टिक वितळतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी सॉकेटला जीएफसीआय ब्रेकर (वीज गळती झाली की पडणारा) लागतो. चार्जरमध्येही तशीच सुरक्षा असल्याने दोघांचं जुळत नाही आणि ब्रेकर विनाकारण पडतो. सॉकेटच बसवायचं असेल तर हबेल कंपनीचं ९४५०ए घ्या. स्क्रू टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने) आवळायला सांगा. सैल स्क्रू हेच जळण्याचं मोठं कारण.

प्रतिसाद ३
रेंजचं सांगतो. वापरायला १३१ युनिट मिळतात. कडाक्याच्या थंडीत हायवेवर १८०-२०० मैल धरून चाला. २०२३च्या गाडीत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून कमी विजेत केबिन तापवणारं यंत्र) नाही, तो २०२४मध्ये आला; केबिन गरम करायला थेट बॅटरी खर्च होते. निघायची वेळ अ‍ॅपमध्ये टाका आणि प्लग लावलेलाच ठेवा, म्हणजे बॅटरी आणि केबिन घरच्या विजेवर तापतात. सीट हीटर जास्त, ब्लोअर कमी. रोजचं चार्जिंग ९० टक्क्यांपर्यंत पुरे.

ट्रेलरचं गणित वजनापेक्षा उंचीवर चालतं. उंच कॅम्परला युनिटला एक मैल मिळाला तरी खूप. वाटेत चार्जिंग १० ते ८० टक्के एवढंच करणार, म्हणजे दोन थांब्यांच्या मध्ये ९० मैल. बुटका, सपाट ट्रेलर बराच कमी खातो.

प्रश्नकर्ता
आभार! हार्डवायरच करतो (सॉकेट न घेता वायर थेट चार्जरला). गॅरेज २१ फूट खोल आहे, चार्जर कुठल्या भिंतीवर?

प्रतिसाद १
गाडी साधारण १९ फूट ५ इंच, मावेल. पोर्ट ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या चाकाजवळ असतो. नाक आत घालून लावत असाल तर डाव्या भिंतीवर आतल्या टोकाला. रिव्हर्स लावत असाल तर उजव्या भिंतीवर दाराजवळ. आधी गाडी उभी करून बघा, मगच भोकं पाडा.