काळजीला वेळ नेमून देणे

‘नकारात्मक विचार आला की तत्काळ झटकून टाकावा’ हा नेहमी दिला जाणारा सल्ला हेतूने चांगला असला, तरी तो बहुधा उलटतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात ज्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे बजावले होते, त्यांच्या मनात तेच अस्वल पुन्हा पुन्हा डोकावत राहिले. माझ्या आईला समुपदेशकांनी त्याऐवजी काळजीसाठी संध्याकाळची वीस मिनिटे राखून ठेवायला सांगितली: दिवसभरात ‘गॅस बंद केला का’, ‘मुलाचा फोन का आला नाही’ असे काहीही मनात आले की वहीत एक ओळ लिहायची आणि तो विषय संध्याकाळवर ढकलायचा. त्यातल्या कित्येक ओळी संध्याकाळी वाचताना तिला स्वतःलाच हसू येई. मात्र ही वेळ झोपेच्या तोंडावर ठेवू नये. धडधड आणि निद्रानाश आठवडेच्या आठवडे टिकला, तर केवळ वहीवर विसंबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.