सेलेस्ट: पडत पडत चढलेला डोंगर. तुमचेही अनुभव लिहा

रानपाखरू
काल रात्री भाचीचा फोन आला. सकाळी प्रीलिमचा पेपर आणि तिला श्वासच घेता येईना. मी म्हटलं, डोळे मीट, समोर एक पीस आण. श्वास आत, पीस वर. श्वास बाहेर, पीस खाली. पाचसात मिनिटांनी ती बोलायला लागली. फोन ठेवल्यावर आठवलं, हे मी सेलेस्ट या व्हिडिओ गेममध्ये शिकलो होतो. चौथ्या चॅप्टरला रोपवेचा पाळणा मध्येच अडकतो, डोंगर चढणाऱ्या नायिकेला, मॅडलिनला धाप लागते, तेव्हा वाटेत भेटलेला तिचा मित्र थिओ तिला हेच करायला लावतो.

गेम आला जानेवारी २०१८ मध्ये, मी खेळलो लॉकडाऊनमध्ये. उडी, भिंत धरून चढणं आणि हवेत एक डॅश, म्हणजे झटक्यात घेतलेली झेप. एवढ्यावर अख्खा डोंगर उभा केलाय. मेलं की पापणी लवायच्या आत त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला परत उभे, त्यामुळे चिडायलाही वेळ मिळत नाही. पहिल्यांदा शिखर गाठलं तेव्हा २,३१४ वेळा मेलो होतो. गेम स्वतःच सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळगा, आणि मला तो खरंच वाटतो.

खटकलं ते पाचव्या चॅप्टरचं आरशांचं देऊळ. बाकी सगळीकडे मेलो की आपलं काय चुकलं ते लख्ख कळतं, ही या गेमची सगळ्यात मोठी ताकद. देवळात अंधार आणि मागे लागणारे ते जीव, तिथे मला ते कळेनासं झालं.

तुम्ही कुठे अडकलात? कुठे सोडून दिलात?

भाजणीची चकली
भाची कशी आहे आता? पेपर कसा गेला?
मी हॉटेलात अडकले होते. हॉटेलवालं भूत ओशिरो चिडून मागे धावतं तिथे. नंतर त्याची इतकी दया आली की दोन दिवस गेम उघडला नाही. बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय.

दक्षिणवारा
फेअरवेल!!! हा जादा चॅप्टर सप्टेंबर २०१९ ला फुकट दिला, त्याबद्दल आभारच. पण मूळ गोष्ट मला आठवड्यात संपवता आली आणि या एका चॅप्टरला तीन महिने लागले. वेव्हडॅश (जमिनीकडे तिरका डॅश मारून लगेच उडी) शिकवतात तेही इथेच, इतक्या उशिरा. गोष्ट आहे डोंगरावर भेटणारी आजी गेल्याच्या दुःखाची. ती मनात मुरायच्या आत पुढची तीस काट्यांची स्क्रीन येते. लांबी निम्मी असती तर जास्त भिडलं असतं असं माझं ठाम मत.

पुणेरी_पाटी२२
@दक्षिणवारा असहमत. दुःख लांबतंच. तो चॅप्टर संपतच नाही, हेच मला पटलं. माझी आजी त्याच वर्षी गेली.

दक्षिणवारा
@पुणेरी_पाटी२२ असा विचार केला नव्हता. परत खेळून बघतो.

खडीसाखर
स्टिकने तिरका डॅश नीट लागतच नाही. वर-उजवीकडे मारायचा तर सरळ उजवीकडे जातो आणि थेट काट्यांत. नुकसान दहापैकी चार वेळा. डी-पॅड (कंट्रोलरवरची दिशांची बटणं) वापरा सगळ्यांनी.

मेघमल्हार_के
उडीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून? कडा सोडून पाय हवेत गेले तरी काही फ्रेम उडी लागते. डोकं कोपऱ्याला घासलं तर गेम हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. आपल्याला वाटतं आपण अचूक खेळलो, पण खाली कोणीतरी हात धरून असतं. कठीण गेम असा मायाळू असू शकतो हे मी इथेच पाहिलं. शिवाय हे सगळं चार दिवसांत दोघांनी बनवलेल्या पिको-८ या जुन्या धाटणीच्या काल्पनिक कन्सोलवरच्या छोट्या गेममधून वाढलंय. तो जुना गेम हॉटेलच्या चॅप्टरमध्ये लपवलाय, शोधा.

सईची आई
मुलगा नऊ वर्षांचा. असिस्ट मोडमध्ये (गेम सोपा करायच्या सेटिंगमध्ये) वेग ७० टक्के करून दिला. घरात वाद, हे म्हणाले की ही फसवणूक. मला नाही पटत. लहान मुलाला सायकल शिकवताना मागून धरतोच की आपण.

खडीसाखर
मलाही थोडी फसवणूकच वाटते, ताई. धडपडण्यातच तर मजा आहे ना.

शांत_किनारा
माझ्या उजव्या अंगठ्याचं ऑपरेशन झालंय, पटापट बटणं दाबता येत नाहीत. असिस्ट मोडमधला न संपणारा स्टॅमिना (भिंत धरून राहायची ताकद) चालू केला म्हणून शिखरावर पोचलो. नाहीतर पहिल्याच चॅप्टरनंतर कंट्रोलर कपाटात गेला असता. धडपड माझीही झालीच, १,१०० वर मरणं आहेत.

खडीसाखर
@शांत_किनारा शब्द मागे घेतो, दादा. आणि अभिनंदन, मनापासून. आता हात कसा आहे?

शांत_किनारा
बरा आहे रे. गरम पाण्यात बुडवून मग खेळतो.

लाल_माती
१७५ स्ट्रॉबेऱ्या गोळा केल्या. त्यांचा उपयोग काहीच नाही, गेम आधीच सांगतो. फक्त शेवटी त्यांचा 'पाय' (भाजलेला गोड पदार्थ) बनतो, जितक्या जास्त तितका छान. आमच्या वाईच्या घरी तेव्हा खऱ्या स्ट्रॉबेऱ्यांची पेटी आली होती, खात खात खेळलो.

भाजणीची चकली
@लाल_माती महाबळेश्वरची का? जॅमला साखर किती घालता? माझा पातळ होतो.

लाल_माती
फळाच्या पाऊणपट, आणि लिंबू पिळा. पाणी अजिबात नको.

बर्फाळ_मराठी
व्हँकुव्हरहून. या नावाचं शिखर इथे व्हँकुव्हर बेटावर खरंच आहे. पहिल्या हिवाळ्यात इथे एकटी होते, चारला अंधार पडायचा. मॅडलिन आपल्याच सावलीपासून पळते आणि सहाव्या चॅप्टरमध्ये तिच्याशी बोलायला थांबते, तिथे खूप रडले. संवाद काही ठिकाणी जास्तच उलगडून सांगतात, तेवढं सोडलं तर माझी तक्रार नाही. लीना रेनचं संगीत अजून भांडी घासताना लावते.

पुणेरी_पाटी२२
@बर्फाळ_मराठी तिकडे मेथी मिळते का हो ताजी? बहीण येतेय पुढच्या महिन्यात.

बर्फाळ_मराठी
व्हँकुव्हरजवळ सरी शहरात मिळते भरपूर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

रानपाखरू
पेपर बरा गेला म्हणाली. संध्याकाळी येतेय, तिला पाळण्याचा तो भाग स्वतः खेळायचाय.
@शांत_किनारा तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

सईची आई
मुलगा आत्ता सातव्या चॅप्टरच्या शेवटच्या टप्प्यात आहे, झेंडे मोजतोय. बारा उरलेत. त्याचे बाबा शेजारी बसून सांगतायत कुठे डॅश मारायचा. दोनदा जेवायला हाक मारली, कोणी उठलं नाही.