मडगार्डची चीर : ट्यूबनं नाही भागत
राजेहो, इथं कोणीतरी लिहिलं की पिकअपच्या मडगार्डची चीर गोंदाच्या दहा रुपयेवाल्या ट्यूबनं चिकटवा, मी तेच केलं होतं अन् गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात परत उघडली. आधी खोलून मागून पाहा, पीपी (पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक) लिहिलं असंल तं साधं गोंद धरतच नाही, गरम करूनच जोडा लागते, एबीएस (दुसऱ्या जातीचं प्लास्टिक) असंल तं त्याचेच तुकडे अॅसिटोन नावाच्या द्रावणात विरघळवून पेस्ट भरता येते. पण काहीबी करा, पहिले चिरीच्या टोकाले ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर ती सरकतच राहते. मी मागून स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंगच्या गरम टोकानं दाबून बसवली (आंगणात बसून करा, धूर लय वाईट), दिसते भंगार पण दोन पावसाळे टिकली.

खरा घोळ बोल्टचा हाये. आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्री, प्लास्टिक फुगते, अन् मेकॅनिकनं पान्यानं गच्च आवळलेलं, मंग चीर बोल्टच्या भोकापासूनच सुरू होते. भोक जरासं मोठं करून रबरी वायसर टाका. अन् वावरातला काळा गारा आत वाळू देऊ नका, त्याचं वजनच मडगार्ड ओढते. माह्या भाच्यानं तो कुदळीनं काढला होता, ती चीर वेगळीच.