कॉर्नेल, ८ मे १९७७ : जुनी प्रत चढी वाजतेय आणि 'स्कार्लेट'–'फायर'च्या सांध्यावर खंड पडतोय

खर्जप्रेमी
नमस्कार मंडळी. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचा कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला कार्यक्रम परत एकदा नीट बसून ऐकायला घेतलाय. तीन प्रती आहेत: चाहत्यांमध्ये फिरलेली जुनी साउंडबोर्ड प्रत (थेट मिक्सरवरून टेप झालेली; फाइली फ्लॅक, म्हणजे आवाज न गमावता आकसलेल्या), साउंडबोर्ड आणि प्रेक्षकांतलं रेकॉर्डिंग मिसळून केलेली मॅट्रिक्स, आणि २०१७ साली अधिकृत निघालेली. जुनीच जास्त आवडते, पण तिच्यात तीन दोष आहेत.
१) 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये शिरताना क्षणभर आवाज तुटतो.
२) २०१७च्या प्रतीशेजारी लावली की पट्टी चढी वाटते.
३) दोन गाण्यांच्या मध्ये घुंऽऽ अशी गुणगुण आहे. ६० हर्ट्झवर नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता कापणारा) लावून ती काढावी का?

रीळवाला
आधी तिसऱ्याचं उत्तर, कारण तिथेच कायमचं नुकसान होतं. नॉच लावू नका.

'फायर' अख्खं पांढरी सात आणि पांढरी सहा या दोन सुरांवर झुलतं. फिल लेशच्या बेसवरची खालची पांढरी सात ६१.७४ हर्ट्झला येते आणि अमेरिकेतल्या विजेची गुणगुण ६०ला. दोघांत जेमतेम पाव स्वराचं अंतर आहे. नेहमीच्या रुंदीचा फिल्टर बेसचा तोच सूर खाणार, आणि त्या गाण्याचा पाया तोच आहे. गुणगुण फक्त गाण्यांमधल्या शांततेत ऐकू येते. फारच खटकत असेल तर तेवढ्याच तुकड्याचा आवाज ८-१० डेसिबलने उतरवा, दोन्हीकडे अर्ध्या सेकंदाचा फेड द्या. वाजत्या संगीताला हात नको.

उलट ती गुणगुण जपून ठेवा, पट्टी मोजायला तीच कामाला येते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये बँड वाद्यं लावत असतानाची ५-१० सेकंदांची शांत जागा निवडा आणि स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारतेला किती आवाज याचा आलेख) काढा. साइझ ६५५३६, विंडो हान. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलीत एकेक घर ०.६७ हर्ट्झचं पडतं, म्हणून ६०पाशी नुसता एक जाड उंचवटा दिसेल. तिप्पट वारंवारतेला, १८०च्या आसपास बघा. तिथे चूकही तिप्पट मोठी होऊन दिसते. काय आकडे येतात ते इथे टाका.

खंडाबद्दल: सांध्यावर इतकं झूम करा की एकेक सॅम्पल (सेकंदाला ४४,१०० पडतात ते ठिपके) दिसेल, आणि निखळ शून्याची पट्टी किती लांब आहे ते मोजा.
– ५८८ सॅम्पलपेक्षा कमी, म्हणजे १३ मिलिसेकंदांच्या आत: सीडीच्या सेक्टरची गडबड. सीडीचा सेक्टर ५८८ सॅम्पलचा असतो. ट्रॅक त्या मापात कापला नसेल तर सीडी लिहिताना उरलेली जागा शून्याने भरली जाते.
– साधारण २ सेकंद: कोणीतरी सीडी ट्रॅक-ॲट-वन्स पद्धतीने (एकेक ट्रॅक सुटा, मध्ये खंड ठेवून) लिहिली आणि त्याच सीडीवरून पुन्हा फाइली काढल्या.
– २५ ते ५० मिलिसेकंद, कडा जराशा विरघळलेल्या: वंशावळीत, म्हणजे कशावरून काय उतरवलं त्या साखळीत, कुठेतरी एमपीथ्री शिरली आहे. स्पेक्ट्रोग्राममध्ये १६ किलोहर्ट्झपाशी कड्यासारखा सरळ काप दिसला की खात्री समजा. कॅसेटच्या पिढ्यांमुळेही (प्रतीवरून प्रत करत गेल्यानेही) वरचे सूर जातात, पण ते उतारासारखे हळूहळू.

खर्जप्रेमी
मोजलं. सांध्यावर ३१२ सॅम्पल शून्य. वर १६ किलोहर्ट्झचा काप नाही, उतार आहे. गुणगुणीची मात्र दोन टोकं दिसतात, एक १८०ला आणि एक १८३ला. कुठलं खरं?

रीळवाला
दोन्ही खरी आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळची. १८३ला तिनाने भागलं की ६१. ही जुन्या टेपवर आधीपासून बसलेली गुणगुण, जी पुढे कुठेतरी टेप वेगाने फिरल्यामुळे वर सरकली. १८०ची आली शेवटी संगणकात घेताना, अमेरिकेतल्याच यंत्रातून. त्यानंतर वेग बदललेला नाही म्हणून ती जागच्या जागी आहे. (आपल्याकडे कोणी कॅसेट संगणकात घेतली असती तर ही तिपटीची रेघ १५०ला दिसली असती, कारण आपली वीज ५० हर्ट्झची.)

म्हणजे प्रत १.६७ टक्के वेगात आहे, सुमारे २९ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढी. ऑडॅसिटीत वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा इफेक्ट घ्या आणि उणे १.६४ टक्के भरा. ६० भागिले ६१ केलं की तो आकडा येतो, १.६७ भरलात तर थोडं जास्तच उतरेल. लांबी तशीच ठेवून फक्त पट्टी बदलणारा इफेक्ट मुळीच नको, झांजा चिरडल्यासारख्या होतात.

पडताळा असा घ्या: २०१७च्या प्रतीत ड्रमचे दोन ठळक ठोके ६०० सेकंदांच्या अंतरावर शोधा. तुमच्या प्रतीत तेच अंतर ५९०.२च्या आसपास यायला हवं. हे कॅसेटच्या प्रत्येक बाजूसाठी वेगळं करा. बाजू उलटली की वेग बदललेला असतो, आणि एकच आकडा पूर्ण कार्यक्रमाला लावल्यामुळे 'मॉर्निंग ड्यू' बेसूर झालेल्या प्रती फिरत असतात.

३१२ सॅम्पल म्हणजे सेक्टरचंच प्रकरण. तेवढी शून्यं कापा आणि दोन्ही टोकं जोडा. कट लहरीच्या शून्यरेषेवर घ्या, नाहीतर टिक ऐकू येईल. मग पूर्ण सेट एकसंध करून वेग सुधारा आणि शेवटी ट्रॅक पाडा. क्रम उलटा केलात तर सेक्टरची मापं पुन्हा बिघडतील. एसएचएनटूल या प्रोग्रॅमच्या 'फिक्स'ने ट्रॅकच्या सीमा ५८८च्या पटीत सरकवता येतात, पण आधी भरली गेलेली शून्यं ते काढत नाही.

सातवी मात्रा
दुरुस्ती करा, पण २०१७ची प्रत मागे टाकू नका. या रेकॉर्डिंगचं श्रेय बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांचं. हॉलमधल्या स्पीकरना जाणाऱ्या मिक्सवर न विसंबता त्या टेपसाठी स्वतःचा दोन ट्रॅकचा मिक्स करत. १९८६ साली त्यांच्या टेपा गोदामाचं भाडं थकल्यामुळे लिलावात गेल्या आणि तिथून प्रतींच्या प्रती निघाल्या. कॅसेटवरून कॅसेट करताना दुसऱ्या पिढीत खरखर ३ डेसिबलने वाढते, चौथीत ६ने. मूळ रिळं परत मिळाल्यावर २०१७ची प्रत थेट त्यांच्यावरून झाली आणि प्लँजंट पद्धतीने वेगाची सूक्ष्म थरथर काढली गेली. ती पद्धत टेपवर उरलेल्या बायस सिग्नलवर (रेकॉर्ड करताना आवाजासोबत टेपवर सोडलेल्या सिग्नलवर) चालते, आणि तो ऐकू येणाऱ्या सुरांच्या खूप वर असतो. तुमच्या ४४.१च्या फाइलीत २२ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही, म्हणून घरी सरासरी वेग सुधारतो, थरथर नाही. गिटारवादक गार्सियाचा लांब धरलेला सूर दोन्ही प्रतींत लागोपाठ ऐका, फरक लगेच कळेल.

मॅट्रिक्स मी शेवटी ठेवेन. बार्टन हॉल कवायतीसाठी बांधलेला, प्रचंड आणि घुमणारा. मंचापासून २० मीटरवरच्या माइकला आवाज ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो जुळवला तरी दोन टेपांच्या वेगात ०.१ टक्का फरक असेल तर २५ मिनिटांत दीड सेकंदाची तफावत पडते. काम घाईचं असेल तर 'स्कार्लेट'च्या सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं आणि 'फायर'च्या शेवटी प्रत्येक टिपरू दोनदा पडतं. पण दुसऱ्या सेटआधी बँड गर्दीला एकेक पाऊल मागे सरकायला सांगतो ती जागा मॅट्रिक्समध्येच ऐका. तिथे हॉल जिवंत होतो.

आणि 'एस्टिमेटेड प्रॉफेट'ला हाताने टाळी धरा. सात मात्रा आहेत, पण रूपकासारखी पहिलीवर खाली धरून बसलात तर घसराल. दोन ड्रमर चौदाचं आवर्तन धरल्यासारखे वाजवतात. त्यांतला मिकी हार्ट तबलावादक अल्लारखाँकडे शिकला होता हे ऐकताना मनात असू द्या.

खर्जप्रेमी
वेग सुधारला, ठोक्यांचं अंतर ५९९.९ आलं. 'फायर'चा बेस आता जागेवर बसलाय. 'मॉर्निंग ड्यू'च्या सुरुवातीचा आवाज मात्र फार बारीक वाटतो, तो उचलू का?

रीळवाला
नको. ते गाणं कुजबुजीपासून चढत जातं आणि शेवटी गार्सिया तारा झपाझप छेडत सगळं उकळीला आणतो. सुरुवात उचललीत तर शेवटाला जागाच उरणार नाही. प्लेयरमध्ये रिप्लेगेन (आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय) असेल तर 'अल्बम'वर ठेवा, 'ट्रॅक'वर नाही, नाहीतर प्लेयर गाण्यागाण्यांमधला आवाजाचा फरक आपणहून सपाट करेल.

मूळ फाइली तशाच वेगळ्या ठेवा आणि नव्या फोल्डरमधल्या टेक्स्ट फाइलीत वंशावळीच्या खाली एक ओळ घाला: ३१२ सॅम्पल शून्य काढली, वेग उणे १.६४ टक्के, कुठल्या बाजूला कुठला आकडा. पुढे ही प्रत ज्याच्या हाती जाईल त्याने पुन्हा तेच उतरवायला नको.