फारिनेल्ली ऐकायचा तर झारुस्की ऐका
कुणीतरी लिहिलंय की फारिनेल्ली या अठराव्या शतकातल्या इटालियन कास्त्रातोचा (म्हणजे लहानपणी खच्चीकरण करून उंच आवाज टिकवलेल्या पुरुष गायकाचा) आवाज कसा असेल ते त्याच्यावरच्या १९९४ च्या सिनेमात कळतं, पण अहो तो आवाज एका माणसाचा नाहीच, एक काउंटरटेनर (बायकांच्या उंच पट्टीत गाणारा पुरुष) आणि एक सोप्रानो (सगळ्यात उंच पट्टीत गाणारी) बाई अशा दोघांचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर मिसळून बनवलाय! त्यापेक्षा काउंटरटेनर फिलिप झारुस्कीचा २०१३ चा अल्बम ऐका, फारिनेल्लीचे गुरू पोर्पोरा यांच्या आरिया (ऑपेरातली एकट्याने गायची गाणी) आहेत त्यात. त्यातली 'आल्तो जोवे' तर काय गायलाय, सूर लावला की सोडतच नाही. आता कास्त्रातोंचं स्वरयंत्र लहान राहायचं आणि छाती मोठ्या माणसाची, तो जोर काउंटरटेनरच्या फॉल्सेटोत (पुरुषाने मुद्दाम काढलेल्या उंच आवाजात) येत नाही हे मान्य. दणका हवा असेल तर फ्रांको फाजोली या दुसऱ्या काउंटरटेनरने गायलेल्या, काफारेल्ली या दुसऱ्या कास्त्रातोच्या आरिया ऐका, मला मात्र झारुस्कीच आवडतो.